शेजाऱ्यांनी सांगितलेला शेवट

मुलांनो, मोतीबिंदूने मला दिसेनासं झाल्यापासून शेजारचे निवृत्त एसटी ड्रायव्हर माझ्यासोबत जुने कृष्णधवल भयपट बघायचे. इंग्रजी संवाद मी समजावायची, पडद्यावरचं ते सांगायचे. घाबरले की पाय खुर्चीवर घ्यायचे.

“मशीन तं पुठ्ठ्याची हाये बाई, पन मले भेव लागून राह्यलं!”

वाशीमला माझं डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी सिनेमातला वेडा शास्त्रज्ञ एका आंधळ्याच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करत होता. शेजाऱ्यांची खुर्ची करकरली, पाय वर घेतले असणार. मग म्हणाले, “उठून बसला, बाई! त्याले सारं दिसून राह्यलं!”

हा सिनेमा मी कॉलेजात असताना पाहिला होता. आंधळा टेबलावरच मरतो. तरी त्या रात्री मी शांत झोपले.

आता मला स्वच्छ दिसतं. तरी सिनेमाचा शेवट मी त्यांनाच विचारते.