पत्र्याखालची नणंद-भावजय

काजवाली राहायची ती खोली मुळात खोली नव्हतीच. तीन मजली इमारतीच्या गच्चीवर मालकानं अडगळीसाठी चार भिंती उभ्या केल्या, वर पत्रा टाकला, आणि पुढे अडगळीपेक्षा भाडेकरू बरा असं त्याच्या मनानं घेतलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत धड जिना होता. तिथून वर लोखंडी गोल जिना, सतरा पायऱ्यांचा, एका वेळी एकच माणूस जेमतेम मावेल असा. नवरा होता तोवर हे घर तात्पुरतं होतं. नवरा गेला आणि ते कायमचं झालं.

सोबतीला वन्सं होत्या. नवऱ्याची थोरली बहीण, लग्न न केलेली, सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात काढलेली. सत्तरी ओलांडली तरी आवाज खणखणीत. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. इस्पितळातून परतताना एका हमालानं त्यांना पाठुंगळी घेऊन वर आणून सोडलं, त्यानंतर त्या खाली उतरल्याच नाहीत. वॉकर घेऊन पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पलंगापर्यंत, एवढंच त्यांचं चालणं. काजवालीला त्याहून एक फेरी जास्त मिळायची. शर्टांना हातानं काजं करून ते रोज दुपारी टेलरमास्तरांच्या दुकानात पोचवायचे आणि नवे घेऊन यायचं.

दोघींचं पटायचं नाही, पण भांडायलाही दुसरं कोणी नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्यानं कहर केला. सकाळी नऊलाच पत्रा तडतड वाजायला लागायचा. पंखा वरची धग खाली आणून अंगावर ओतायचा. टाकीतलं पाणी इतकं तापायचं की काजवाली सकाळी लवकर बादल्या भरून पलंगाखाली सारायची. खिडकीला ओल्या चादरी लावल्या, त्या अर्ध्या तासात कडक. सगळ्यात वाईट हालत हातांची. घामानं सुई निसटायची आणि पांढऱ्या शर्टावर डाग पडला की काम वाया. मग ती बोटांना चिंधी गुंडाळून शिवायची.

"चाळीस," वन्सं भिंतीवरच्या तापमापकाकडे बघून सांगायच्या. थोड्या वेळानं, "बेचाळीस."

"सांगू नका हो. आकडा कळला म्हणून कमी होणार आहे का?"

"न कळल्यानं तरी कुठे कमी होतंय?"

उन्हाच्या त्या लाटेच्या चौथ्या दिवशी काजवालीनं मास्तरांकडून रिकामी पोती आणली. खुर्चीवर स्टूल, स्टुलावर आपण, अशी कसरत करून ती पत्र्यावर पसरली आणि वरून पाणी ओतलं. खोली दोन अंशांनी उतरली. वन्सं म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुझं डोकं चाललं, वहिनी." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच.

पण दोन दिवसांत तिसऱ्या मजल्यावरचा वॉचमन जिन्यात येऊन उभा राहिला. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा, काडीसारखा माणूस.

"तुम्ही वर आंघोळ घालताय पत्र्याला, आणि आमच्या नळाला नुसती हवा येतेय. टाकी सगळ्यांची आहे, काकू."

तो काही खोटं बोलत नव्हता. पाणी ओतणं बंद झालं. पोती वर वाळत पडली. वन्सं पलंगाखाली, फरशीवर झोपायला लागल्या, कारण तिथं त्यातल्या त्यात गारवा होता. बाई एवढी करारी, आणि दिवसभर बादल्यांच्या शेजारी आडवी, पलंगाबाहेर फक्त पावलं. काजवालीला ते बघवत नसे. ती तिकडे पाठ फिरवून बसायची.

तिची सुटका म्हणजे मास्तरांचं दुकान. तळमजल्याचं, जाड भिंतींचं, मागच्या बाजूला कापड बेतायची अंधारी खोली. तिथं पाय टाकला की जिवात जीव यायचा. शर्ट द्यायला पाच मिनिटं पुरत. ती वीस बसायची. मग अर्धा तास. मास्तर काही म्हणत नसत, पाण्याचा तांब्या पुढे सरकवत आणि कात्री चालवत.

नवव्या दिवशी ती दीड तास बसली. खोटं कशाला, तिला डुलकी लागली. जाग आल्यावरही ती लगेच उठली नाही. भिंतीला पाठ टेकून तिनं मनाशी म्हटलं, अजून थोडं. अजून जरासं.

वर आली तर वीज गेलेली, पंखा बंद. पलंगाखालून वन्संचा आवाज येत होता, अगदी ताठ, कामावरचा.

"नमस्कार, कुठला नंबर हवाय? लाइन व्यस्त आहे. कृपया थांबा."

"वन्सं?"

"कृपया थांबा."

काजवालीनं वाकून हात लावला. अंग भट्टीसारखं, आणि घामाचा टिपूस नाही. कातडी कोरडी ठक्क. वन्संचे डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. मग आवाजही थांबला.

त्या क्षणी काजवालीच्या मनात काय आलं, ते तिनं पुढे एकाच माणसाला सांगितलं. तिच्या मनात आलं, सुटले. एवढंच. पापणी लवायच्या आत तो शब्द आला आणि गेला.

मग ती जिन्याच्या तोंडाशी धावली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली. दुपारची वेळ, इमारत रिकामी, सगळे कामावर. अँब्युलन्सवाले फोनवर म्हणाले, गाड्या बाहेर आहेत, तास तरी लागेल. आला तो वॉचमन, झोपेतून उठून, बनियनवर.

त्यानं आधी वन्संना पाठीवर घ्यायचा प्रयत्न केला. पण धरून राहायला त्यांच्या हातांत त्राण नव्हतं, त्या मागे कलंडायच्या. खुर्ची गोल जिन्यात वळेना. आणि पायऱ्या अशा तापलेल्या की तळवा टेकवत नव्हता.

"पोती," काजवाली म्हणाली. "वरची पोती काढा."

त्यानं पत्र्यावरची पोती ओढली. तिनं पलंगाखालच्या बादल्या त्यांच्यावर रित्या केल्या. मग ओलं पोतं पायरीवर, त्यावर वन्संना बसवायचं, काखेतून चादर घालून मागून काजवालीनं धरायचं, खालून वॉचमननं पाय उचलायचे, आणि एक पायरी सरकवायचं. पुढचं पोतं. पुन्हा सरकवायचं. काजवालीचे कोपर कठड्याला लागून भाजत होते. मधेच वन्संची मान वॉचमनच्या खांद्यावर पडली आणि तो थांबला.

"काकू, श्वास आहे ना?"

"आहे. थांबू नका."

सतरा पायऱ्यांना किती वेळ लागला, दोघांनाही सांगता आलं नाही. वॉचमनच्या खोलीत फरशीवर निजवून त्यांनी वन्संना पाण्यानं भिजवलं आणि पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले. अँब्युलन्स काही आली नाही; वॉचमननं बोलावल्यावर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स धावत आली. तिनं काखेत आणि मानेशी बर्फ ठेवला, सलाइन लावलं. तासाभरानं वन्संनी नजर फिरवली, छताकडे पाहिलं, भिंतीवर लोंबणाऱ्या कपड्यांकडे पाहिलं.

"कोणाची खोली ही?"

"वॉचमनची, वन्सं."

"झाडू दिसत नाही कुठे."

वॉचमन दारात उभा होता. तो हसता हसता एकदम रडायलाच लागला.

चार दिवस त्यानं दोघींना तिथं राहू दिलं आणि स्वतः दिवसा जिन्याच्या वळणावर चटई टाकून झोपला. दुसऱ्या दिवशी काजवालीनं वन्संची वेणी घालताना, मागे बसून, तोंड दिसणार नाही अशा बेतानं सांगितलं. दुकानात झोपल्याचं सांगितलं. त्या शब्दाचंही सांगितलं.



"रोज बसतेस ते माहीत होतं मला," वन्सं म्हणाल्या. "घड्याळ उशाशीच असतं माझ्या."

"मग बोलला का नाहीत?"

"दोघींनी भाजून काय मिळणार होतं?" आणि मग हळू, "ते दुसरं... माझ्याही मनात येतं, वहिनी. पाय धड असते तर मी तुला टाकून केव्हाच गेले असते. घट्ट घाल ती वेणी."

त्या चार दिवसांत काजवालीनं आसपासच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तळमजला, नाहीतर निदान पक्कं छत. घरमालक आधी गोड बोलत, आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे म्हटलं की कालच दिली हो, असं म्हणत. एकानं तर विचारलं, "किती दिवस काढतील अजून?" ती उत्तर न देता निघून आली. पाचव्या दिवशी वॉचमनचा भाऊ बायकोसह गावाहून येणार होता. दोघींना परत वर जावं लागलं. हमाल बोलावला. त्याच्या पाठीवरून जाताना वन्सं एकच वाक्य बोलल्या, "मला वर नेऊ नका."

ऊन आणखी बारा दिवस राहिलं. त्या बारा दिवसांत वन्सं रोज दुपारी दोनला, ऐन वामकुक्षीच्या वेळी, मालकाला फोन करत. "नमस्कार. गच्चीवरच्या खोलीतून बोलतेय. तापमान त्रेचाळीस. उद्या पुन्हा कळवते." शिवी नाही, विनंती नाही. आठव्या फोनानंतर दोन माणसं आली, पत्र्याला वरून चुना फासला, आतून थर्माकोल ठोकला. त्रेचाळीसचे एकोणचाळीस झाले.

"आभार मानायचे का हो त्याचे?" काजवालीनं विचारलं.

"मान. फोन मात्र चालू राहील."

पण एकोणचाळीस म्हणजे काही गारवा नव्हे. पुढचा उन्हाळा दोघींनी तिथंच काढला, त्यापुढचाही. काजवाली आता दुकानात बसते तेव्हा अर्ध्या तासाचा गजर लावते, आणि दारातल्या दगडी पायरीवर बसते, आतल्या अंधारात जात नाही. मास्तर म्हणतात, आत बसा की वहिनी, ऊन येतंय तिथं. ती म्हणते, इथंच बरं आहे, झोप लागत नाही.