कोठीच्या खोलीतला गहू

एम.एस्सी.ला माझ्या वाट्याला गव्हाची रोपं आली. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पानांत नायट्रेट पचवणारं एक एन्झाइम असतं. ते जोमात यायला नायट्रेट लागतं आणि उजेडही लागतो, एवढंच मला मोजून दाखवायचं होतं. पानांचे तुकडे द्रावणात ठेवून नंतर रसायनं घातली की, एन्झाइमनं काम केलं असेल तर नळी गुलाबी होते. अंधारातल्या रोपांची नळी जवळजवळ कोरी राहायला हवी. तसं झालं तर दिवाळीनंतर प्रबंध. नाहीतर वर्ष वाया.

कॉलेजात अंधारी खोली होती, पण तिच्यात मोडकी बाकं राहत. तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी इंदिरानगरच्या आपल्या घरातली कोठीची खोली देऊ केली. "सूर्याला तिथे प्रवेश नाही," ते म्हणाले. उद्घाटनाचं भाषण असावं तसं.

ट्रे तिथे ठेवले. नवरात्र सुरू झालं. काही दिवसांनी काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, काळ्या कापडात गुंडाळून दिलेला एक ट्रे सरांनी स्कूटरवरून आणला. मी तपासणी केली. नळी गुलाबी! पुन्हा केली. पुन्हा गुलाबी.

"सर, अंधारातली पानं पिवळी हवीत, यांना तर हिरवी झाकसुद्धा आहे."

"वाणाचा गुण. तू घाबरू नकोस. अंधारातही हे एन्झाइम जागतं, हा शोध आहे." आणि सरांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विभागात व्याख्यान जाहीर केलं. फळ्यावर रंगीत खडूनं विषय लिहिला, त्याखाली स्वतःचं नाव पदव्यांसकट. पदव्यांना दोन ओळी लागल्या.

मला शोध नको होता, पदवी हवी होती. मी संध्याकाळी सरांच्या घरी गेले. कोठीचं दार उघडताच डोळे दिपले. उरलेल्या ट्रेला झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि वर लोंबणारा शंभराचा बल्ब.

"काकू, हे काय?"

"अगं, नवरात्रात घरात धान उगवलंय आणि दिवा नाही, बरं दिसतं का? तेलाचा विझतो, म्हणून विजेचा लावला. पहिल्या दिवसापासून अखंड चालू आहे हो! बिचारं पिवळं पडलं होतं, बघ कसं तरारलंय."

मागून सर आले. बल्बकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"तू मला विचारलं नाहीस?"

"तुम्ही कधी आत डोकावलात का? देवाचं नि घरचं सगळं माझ्यावरच टाकता."

सरांनी कोठीत डोकं घालून बल्बवरचा शंभराचा आकडा वाचला. हा मात्र खरा शोध होता.

व्याख्यान 'अपरिहार्य कारणास्तव' रद्द झालं. दसऱ्यानंतर मी नवा गहू पेरला. काकूंनी स्वतः बल्ब काढला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता डोळे मिटूनच झोपू देते तुझ्या रोपांना." दिवाळीच्या तोंडावर मी नळी उजेडाकडे धरली. त्या नळीत काहीच झालं नव्हतं. काहीच न झाल्याचा इतका आनंद मला नंतर कधी झाला नाही.