सुशांतच्या गोळ्यांचा डबा

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत थंडीत कुणालाही उदास वाटत नाही. फक्त प्रत्येकाचं व्हिटॅमिन डी कमी असतं. निदान मराठी मंडळात तरी हे दुखणं याच नावाने सांगायची पद्धत होती, आणि ती रूढ करण्यात नागपूरच्या सुशांतचा मोठा हात होता.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडला की त्याला सगळंच नकोसं होई. त्यावर त्याने सात वारांचे सात कप्पे असलेला डबा घेतला. डी, बी-ट्वेल्व्ह, मॅग्नेशियम, माशाचं तेल. जन्मात मासा न खाल्लेला हा माणूस माशाच्या तेलाचे ढेकर देत लोकांना सल्ले देऊ लागला. ऑफिसात त्याला कुणी काही विचारत नसे, पण मंडळात गोळी त्याला विचारूनच घेत. याचा त्याला किंचित अभिमान होता. तो किंचित नाही, हे बायकोला, दीपाला, ठाऊक होतं.

यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात त्याचं भाषण ठेवलं: 'हिवाळा आणि पोषण'. चाळीस स्लाइड्स! नेमका त्याच सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. डी उत्तम, बी-ट्वेल्व्ह उत्तम, लोह उत्तम.  तीन हिवाळे ज्याच्यावर सगळं ढकललं, ते डी निर्दोष निघालं होतं.

हॉलच्या पार्किंगमध्ये "लॅपटॉप अपडेट होतोय, तुम्ही व्हा पुढे," असं सांगून त्याने दीपाला आणि लेकीला आत पाठवलं. लॅपटॉप बंदच होता.

भाषण मात्र रंगलं. तिळातल्या कॅल्शियमला टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतल्या शुभाकाकूंनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे रे, तुला स्वतःला किती फरक पडला?"

"काकू, माझे सगळे नंबर्स परफेक्ट आहेत." इथेच गप्प बसला असता तर निभावलं असतं. "पण भाषणाआधी वीस मिनिटं मी कारमध्ये बसून होतो. आत यावंसंच वाटेना. रोज घरी गराजमध्येही तेच करतो. मला फार उदास वाटतं."

 मागे पडद्यावर चाळिसावी स्लाइड झळकत होती: 'हसत राहा!'

तिळगूळ घेताना तिघंजण हळूच जवळ आले. गोळीचा ब्रँड कुणीच विचारला नाही. डॉक्टर कोण, ते विचारलं. सुशांतकडे नाव नव्हतं. दीपाने पर्समधून एक कागद काढला. त्यावर एका डॉक्टरांचा नंबर होता, आणि कागदाच्या घड्या पार मऊ पडल्या होत्या.

"कधीपासून आहे हा?"

"थँक्सगिव्हिंगपासून. दीड महिना झाला. तू डीबद्दल बोलायचा थांबलास की देणार होते." तिने फोन काढला. "सोमवारी चारची अपॉइंटमेंट घेऊ?"

"तीनची घे," सुशांत म्हणाला. "परत येईपर्यंत उजेड हवा."