उचलून लोटायचं दार

आमच्या घराला आतून कडी लावायची नाही, हा माझ्या लहानपणचा पहिला नियम. दुसऱ्या पोरींना त्यांच्या माया सांगायच्या, विहिरीत डोकावू नको, तिन्हीसांजेला चिंचेखाली जाऊ नको. माझी माय सांगायची, कडीला हात लावू नको. कुरुंद्याच्या अलीकडं आमचं गाव. तेव्हा कोल्हे पार अंगणात यायचे आणि माय, मी, धाकटा भाऊ नुसत्या लोटलेल्या दाराआड झोपायचो. मी मुलखाची भित्री. दार कुरकुरलं की मी उठून बसायची. अजून बसते, खोटं कशाला बोलू.

मुळात ते दार आमचं नव्हतंच. आमचं पहिलं घर हळदीच्या दिवसांत जळालं. हळद शिजवायला कढया चढल्या की गावाभोवती चुलाणं दिवसभर धडधडायची. उन्हाळा तोंडावर, त्यात वारा सुटलेला, आणि एक ठिणगी आमच्या कुडावर येऊन बसली. सगळी आळी तुराट्यांची आणि गवताची, किती वेळ लागतो. बाप बैल सोडायला आत गेला. बैल तेवढे बाहेर आले.

त्यानंतर मायच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ही जागा सोडायची नाही. बापाचा चुलतभाऊ बोलायला फार गोड. म्हणाला, "वयनी, लेकरं घेऊन माहेरी जावा, इथं काहून उन्हात बसता?" माहेरी भावजय होती, आणि ती काय चीज आहे ते मायला ठाऊक होतं. शिवाय गावाची रीत अशी, की विधवेची चूल एकदा गावाबाहेर गेली की जागा भाऊकीची झाली. चुलत्याचा गोडवा कुठून येत होता ते यावरून समजा.  जळक्या जागेवर तीन दगड मांडून माय भाकरी थापायला बसली.

गाव मदतीला आलं, हे मात्र सांगायलाच पाहिजे. लोक म्हणतात, पूर्वीची माणसं देवमाणसं होती. कसली देवमाणसं! आतासारखीच होती, बांधावरून डोकी फोडणारी. पण मारुतीच्या देवळातली भजनी मंडळी एक काम नेमानं करायची. दळायला बसण्याआधी प्रत्येक घरची बाई मूठभर जवारी वेगळ्या मडक्यात टाकायची, आणि एकादशीला मंडळी ती गोळा करून देवळात साठवायची. अडल्यानडल्यासाठी. त्या मुठीवर आमची आळी पुन्हा उभी राहिली. भिंत घालायला येईल त्याला देवळातून भाकरी मिळायची. कुणी वासा दिला, कुणी आढं दिलं. तांड्यावरच्या बाया गवताचे भारे आणून टाकायच्या आणि पाणी पिऊन परत जायच्या. कुरुंद्याच्या अडत्यांनी धर्मादायातून सुतळी नि खिळे धाडले.

दार मात्र कुणी देईना. ती कंजुषी नव्हती. चौकट बसवताना तिची पूजा होते, हळदीकुंकू लागतं. बसलेली चौकट उपटून दुसऱ्याला दिली तर त्या घरची लक्ष्मी तिच्या मागोमाग जाते, असं आमच्याकडं धरतात. नवी करावी तर जर्मनच्या लढाईच्या दिवसांत साग मिळत नव्हता. बाकीच्यांच्या चौकटी होरपळून का होईना वाचल्या होत्या, आमच्या चौकटीची राख झाली होती. चुलता रोज चक्कर मारायचा. "चौकट न्हाई, उंबरा न्हाई. याला घर म्हणावं का गोठा? पंचायलाच इचारा." पंच खाली माना घालायचे, कारण रीत त्याच्या बाजूची होती. शेवटी पाडव्यापर्यंत वाट बघायची असं ठरलं. तोवर उंबरा झाला नाही तर मायनं माहेरी जायचं.

गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. पटकीच्या साथीत तिचा नवरा, सून, नातू, सगळे गेले. राहिला तो लेक, तोही जालन्याकडं कापसाच्या जिनात कामाला म्हणून गेला तो गेलाच. तिच्याकडं मूठ मागायलाही कुणी जात नसे. ती आपणहून आली आणि मायला म्हणाली, "माझी चौकट घेऊन जा. माझी लक्ष्मी कवाच गेली, आता काय जायचं राह्यलंय?"

माय नको म्हणाली. म्हातारी भडकलीच. "लेकरं उन्हात घेऊन बसली अन् वर न्हाई म्हणून राहिली. अक्कल हाय का तुला?" मग जरा निवळली. "पण एक बोली हाय. आतून कडी लावायची न्हाई. माझा पोरगा आला तर दारावरनं घर वळखंल. बंद दिसलं तर माघारी फिरंल. लई हट्टी हाय त्यो."

पाडव्याआधी चौकट बसली. पूजेला शेजारची सवाष्ण बोलवावी लागली, कारण देणारी विधवा आणि घेणारीही विधवाच. दाराची डावी फळी खाली उतरलेली होती. जरा उचलून लोटली तरच उघडायची, नाहीतर उंबऱ्याला अडायची. "हे माझ्या घरच्यायलाच जमतं," म्हातारी म्हणाली आणि आम्हा भावंडांकडून करून घेतलं. स्वतःच्या दाराच्या जागी तिनं पोतं टांगलं. चुलता तेव्हापासून उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोलू लागला.

असं आम्हाला घर मिळालं ते उघड्या दाराच्या बोलीवर. मी अंथरुणातून त्या डाव्या फळीकडं बघत राहायची. मनाशी ठरवून टाकलं होतं, दार हललं तर वारा आणि उचललं गेलं तर म्हातारीचा लेक.

निजामाचं राज्य संपायला आलं त्या पावसाळ्यात गावोगावच्या लुटालुटीच्या बातम्या यायच्या. एका दुपारी कुणीतरी पळत सांगत गेलं, शिरडच्या बाजूनं हत्यारं घेऊन माणसं येऊन राहिलीत. माय आधी म्हातारीकडं धावली. पोत्याच्या पडद्याआड तिला कशी ठेवायची? म्हातारी तोवर ठार बहिरी झाली होती. काय चाललंय ते तिला कळलं नाही, पण माय हात धरून घेऊन आली तशी आली आणि भिंतीला टेकून दाराकडं तोंड करून बसली. मायनं तिच्याकडं पाठ केली आणि कडी ओढली. गंजलेली, बसेना. वरवंट्यानं ठोकून बसवली.

बाहेर पाऊस लागला होता. पावलं आली आणि दारापाशी थांबली. मायनं भावाचं तोंड दाबलं, माझं मीच दाबलं. धक्का बसेल म्हणून मी डोळे मिटणार, तेवढ्यात डावी फळी उचलली गेली. हळू, सवयीनं, कडी ताणली जाईपर्यंत. मग दमलेला आवाज आला, "माय."

लुटारू गोड आवाजात हाक मारतात, असं तेव्हा सगळीकडं बोललं जायचं. माय जागची हलली नाही. फळी आणखी एकदा वर गेली आणि खाली बसली.

म्हातारीला हाक ऐकू आली नव्हती. पण डोळे शाबूत होते. ती मायकडं वळली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "कडी लावली का गं?"

मायनं झेप घेतली. ठोकून बसवलेली कडी, ती काही लवकर निघेना. दार उघडलं तेव्हा गल्ली रिकामी होती. उंबऱ्याबाहेर वहाणांचा जोड होता, घरात शिरताना काढतो तसा, एका बाजूला नीट लावलेला. माय तशा पावसात गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत हाका मारत गेली आणि एकटीच परत आली. हत्यारवाली माणसं त्या दिवशी आलीच नाहीत.

म्हातारीनं मायला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, माय पुढं कैकदा म्हणायची. तिनं वहाणा पदरानं पुसल्या, आत आणून ठेवल्या आणि म्हणाली, "हट्टी हाय. म्हणलं होतं म्या." मरेपर्यंत मग ती आमच्याकडंच राहिली. मायनं त्याच वरवंट्यानं कडी उखडून ओढ्यात फेकली.

आता त्या घरात भाऊ राहतो. भिंती विटांच्या झाल्या, वर पत्रे आले, दार तेच आहे. मी माहेरी गेले की भावजय माझं अंथरूण आतल्या खोलीत घालते. मी ते उचलून बाहेर आणते आणि डाव्या फळीकडं तोंड करून झोपते.