चामटोलीकडची भरलेली बंदूक

मी तीस वर्षं भोकं मोजली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात माझं तेच काम होतं. सिलिंडरच्या, पंपाच्या, बेअरिंगच्या भोकात गेज घालायचं आणि पास की नापास ते सांगायचं. त्यामुळे जुन्या युरोपियन बंदुका जमवायचा हा नाद एका बाईला कुठून लागला, असं कुणी विचारलं की मी सांगते, भोकातून. लोकांना वाटतं मी चेष्टा करते.

निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही दोघं कपाट बघायला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो होतो. आमचे हे कपाटाची दारं उघडझाप करत होते. मी कोपऱ्यात पाहिलं तर पडद्याच्या दांड्यांमध्ये एक लांबलचक बंदूक उभी करून ठेवलेली. दुकानाचा सिंधी शेठ लगबगीनं आला. "दीदी, शोपीस आहे. पुराना माल. हॉलमध्ये लावा, एकदम रॉयल वाटेल." मी मोबाइलची बॅटरी लावून नळीत डोकावले. आत तीन खाचा होत्या, नळीच्या अंगानं हळूच वळत वळत खाली अंधारात गेलेल्या. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुणा कारागिरानं त्या कापल्या होत्या, आणि माझ्या नजरेला त्या अजूनही पास होत्या. कपाट राहिलं. बंदूक घरी आली.

ठासणीच्या बंदुकीची गंमत समजायला सोपी आहे. तोंडातून दारू ओतायची, त्यावर गोळी सोडायची, लोखंडी गजानं दोन्ही खालपर्यंत ठासायचं. मागच्या बाजूला भोक पाडलेली एक बारीक बोंडी असते, तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी बोंडीतून आत जाते आणि बार होतो. माझ्या बंदुकांचा अर्थातच बार होत नाही. घरात आणण्याआधी मी प्रत्येकीची पोलिस ठाण्यात रीतसर नोंद करते. तिथल्या हवालदारांना आता सवय झाली आहे. "आली का नवीन?" एवढंच विचारतात.

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या फ्लॅटमध्ये अशा तीन जमल्या, तिन्ही इंग्लंडमधल्या. मला आता बेल्जियमची हवी होती. तिकडच्या कारागिरांनी त्याच घाटाच्या बंदुका बनवून जगभर विकल्या होत्या. नळीवर लांबट वर्तुळात तीन अक्षरांचा शिक्का असला की ती बेल्जियमची. हे मी शेठला कागदावर काढून दाखवलं होतं, आणि तो कागद त्यानं गल्ल्यात जपून ठेवला होता.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "दीदी, तुमचा शिक्का मिळाला. चामटोलीच्या पुढे एक आगरी पार्टी आहे. जुनं घर पाडून बंगला बांधतेय. जुनं सामान काढायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शेठ त्याच्या व्हॅनमधून गेलो. बंगल्याचा स्लॅब टाकून झाला होता आणि कुटुंब मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. घरधनी पासष्टीचे असतील. पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, बोलायला मोकळे. बंदूक त्यांनी दोन्ही हातांत आडवी धरून बाहेर आणली.

"आमचे आज्याची हाय, मॅडम. डुकरा मारायचा तो. नवीन घरान ठेवून काय करू? तुमचेकडं चांगल्या चार जणींत राहील."

शिक्का होता. झिजलेला, पण तीनही अक्षरं वाचता येत होती. मी मनातल्या मनात तिला भिंतीवर टांगूनही टाकलं. तरी सवयीनं पिशवीतून लाकडी काठी काढली. कुठलीही ठासणीची बंदूक हातात आली की मी पहिलं काम हेच करते. काठी तोंडातून आत सोडायची, टेकली की नळीच्या तोंडाशी तिच्यावर खडूची खूण करायची, मग काढून तीच काठी नळीला बाहेरून लावायची. नळी रिकामी असेल तर काठीचं टोक बोंडीपर्यंत पोचतं.

पोचलं नाही. चार बोटं कमी पडलं.

मी पुन्हा मोजलं. पुन्हा चार बोटं. मग मी बंदुकीचं तोंड मोकळ्या शेताकडे वळवलं आणि म्हटलं, "सगळ्यांनी माझ्या मागं या. ही भरलेली आहे."

घरधनी मोठ्यानं हसले. "काय बोलता मॅडम! माझे जन्मापासून ती खुंटीवं हाय. कचरा अडकला आसंल."

"कचरा मऊ लागतो. काठी आपटली तर ठक्क आवाज येतोय. आत शिसं आहे."

"दीदी, इतक्या वर्षांनी दारू काय राहणार?" शेठ कुजबुजला. त्याला सौदा हातातून जाताना दिसत होता.

"राहते. कोरडी राहिली तर तशीच राहते," मी म्हटलं. "भरणाऱ्यानं भरून ठेवली आणि सांगायचं राहून गेलं."

कारखान्यातही असंच व्हायचं. एखादा भाग नापास केला की अख्खी लाइन माझ्याकडे बघायची, मॅनेजर येऊन पुन्हा मोजा म्हणायचा, मी पुन्हा मोजायची आणि आकडा तोच यायचा. माझा आवाज कधी चढला नाही, त्या दिवशीही चढला नाही. मी घरधनीणबाईंकडे तांब्याभर पाणी मागितलं. नवरा अजून हसत होता, पण बाईंनी बादलीच आणून ठेवली. "वता तुमी, मॅडम. मना कवापासून त्या वस्तूचं भ्याव वाटतंय," त्या म्हणाल्या. मी नळी तोंडापर्यंत पाण्यानं भरली, बोंडीजवळ तेल सोडलं आणि बंदूक आंब्याच्या बुंध्याला उभी बांधून ठेवली. मग घरधन्यांना पोलिस ठाण्यात फोन करायला लावला.

दोन दिवसांनी पोलिसांकडून बॉम्ब निकामी करणारा माणूस आला, बरोबर एक हवालदार; मी आणि शेठही पुन्हा गेलो होतो. माणूस शांत आणि नेमका होता. बंदुकीभोवती एक चक्कर मारून तो मला म्हणाला, "मॅडम, बॉम्ब खूप पाहिलेत. ही जात पहिल्यांदाच बघतोय. कशी उघडते?"

हा प्रश्न सरळ विचारल्याबद्दल मला तो फार आवडला. मी माझा पाना काढला. बोंडी फिरवायला बाजारात पाना मिळत नाही, म्हणून मी तो जुन्या सहकाऱ्याकडून लेथवर करून घेतलेला आहे. बोंडी कुरकुरत सुटली. तिचं भोक गंजानं गच्च भरलेलं होतं, सुईसुद्धा जात नव्हती. मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून त्यानं तो नळीत उतरवला. मी सांगत होते, तो फिरवत होता. "आता चावलं बघा. आणखी अर्धा फेरा. आता ओढा, सरळ, झटका नको."

गोळी बाहेर आली. अंगठ्याएवढी, पुढून निमुळती, मागून पोकळ, पांढरट पडलेली. तिच्यामागून काळं पाणी आलं, आणि शेवटी काळा घट्ट गड्डा. त्यानं तो फोडला. आत पाणी पोचलंच नव्हतं, मधली दारू भुकटीसारखी कोरडी होती. तिची चिमूटभर त्यानं शेताच्या टोकाला एका फरशीवर ठेवली, लांब काडीला उदबत्ती बांधली आणि टेकवली.

भस्सकन जाळ झाला. पांढरा धूर वर गेला, आणि दिवाळीच्या सकाळचा वास आमच्यापर्यंत आला.

घरधनी खाली बसले. खुर्ची बाजूलाच होती, पण ते जमिनीवर बसले. मग मला म्हणाले, "मॅडम, टिकलीनं उडली असती का ही?"

"कुठल्या टिकलीनं?"

"दिवाळीची. आपण दगडानं फोडतो ती लाल टिकली." त्यांनी चिमटीत तिचा आकार दाखवला. "मी आन माझा भाव. लहान होतो. घरान कुनी नव्हता. आमी बंदूक खाली काढली, तिथं टिकली चिकटवली आन घोडा पाडला. टिकली फुटली, ठो झाला, आमी खूप हासलो. दोन-तीनदा केला."

"तोंड कुठं होतं बंदुकीचं?" त्या पोलिसांकडच्या माणसानं विचारलं.

घरधन्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तोंड त्यांच्या छातीकडे होतं की भावाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी सुटलेली बोंडी त्यांच्या तळहातावर ठेवली. "हे भोक बघा. हे मोकळं असतं तर त्या टिकलीची ठिणगीसुद्धा पुरली असती. गंजलं होतं म्हणून निभावलं."

त्यांनी बोंडी डोळ्याजवळ नेली आणि उन्हाकडे धरून पाहिली. मग खिशातून मोबाइल काढला. घरधनीणबाई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "भावाला लावतायत. जागेच्या वाटन्यापासून बोलनं नव्हता दोगांचा."

फोनवर ते एवढंच म्हणाले, "आज्याची बंदूक भरलेली व्हती. ये."

धाकटा भाऊ बदलापुरात राहत होता. अर्ध्या तासात स्कूटरवरून आला, हेल्मेट न काढताच अंगणात उभा राहिला. धाकट्यानं गोळी हातात घेतली, वजन बघितलं. दोघंही एकमेकांकडे न बघता गोळीकडे बघत होते.

"मी होतो पुढं," धाकटा म्हणाला.

"तू नाय, मी होतो. तुझे हातान बंदूक होती."

"अरे मना उचलत तरी होती का ती? तू धरली होती. मी ओट्यावं उभा होतो, हात पसरून."

"ओट्यावं मी होतो!"

घरधनीणबाईंनी चहा आणला. त्या भांडणं मिटवायला गेल्या नाहीत, दोघांच्या हातांत कप दिले आणि आमच्यात येऊन बसल्या. हवालदारानं लिहून घेतलं, गोळी आणि उरलेली दारू डब्यात घातली, घरधन्यांना नोंदीसाठी कधी यायचं ते सांगितलं. तोवर भाऊ बंगल्याच्या स्लॅबवर चढून भिंती बघत होता, आणि घरधनी खालून त्याला कुठली खोली कुठं ते ओरडून सांगत होते.

निघताना मी विचारलं, "मग बंदुकीचं काय करायचं?"

"आता कशी देऊ, मॅडम?" घरधनी म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "तो पन मागंल ना वाटा."

मी त्यांना नळी रोज सात दिवस कशी पुसायची, कुठलं तेल लावायचं, बोंडी नळीबाहेरच का ठेवायची, ते लिहून दिलं. चामटोली मागं पडली. मग व्हॅनमध्ये शेठ न राहवून म्हणाला, "दीदी, काठी घातलीच नसती तर आज तुमच्या भिंतीवर असती."

"भरलेली," मी म्हटलं.

एमआयडीसीच्या वळणावर त्यानं गाडी थांबवली आणि आम्ही दोघांनी उभ्या उभ्या वडापाव खाल्ला. मला सपाटून भूक लागली होती.