मावशीने सांगितलेला पहिला भाग

सिनेमांच्या दुसऱ्या भागांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. पहिल्या भागात नायकाचं घर दोन खोल्यांचं असतं, दुसऱ्या भागात त्याच घराला जिना फुटतो. मेलेल्या खलनायकाचा जुळा भाऊ परदेशातून उगवतो. विनोदी माणूस तेच विनोद जरा मोठ्या आवाजात करतो. हल्ली दक्षिणेतून डब होऊन येणारे सिनेमे तर गोष्ट अर्ध्यावर तोडतात आणि शेवटच्या पाट्या सरकून गेल्यावर पुढच्या भागाची चुणूक दाखवतात. आमच्याकडे ती कोणी बघत नाही, कारण मारामारी संपली की अर्धं थिएटर एसटी गाठायला उठलेलं असतं. एका भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग मात्र मला आवडला होता. त्यात भूत पहिल्यापेक्षा कमी होतं आणि माणसं जास्त.

शाळेतले सहकारी म्हणतात, "मॅडम, मग जाता कशाला?" मावशीमुळे जाते.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोघीही घाटनांदूरला, एकाच गल्लीत दिलेल्या. मावशी सिनेमा बघून आली की गल्लीतल्या बायका तिच्या ओट्यावर जमायच्या आणि ती सिनेमा सांगायची. सिनेमापेक्षा तिचं सांगणं लांबायचं. इंटरवलला ती खरोखर थांबायची आणि चहा आल्याशिवाय पुढे सरकायची नाही. मारामाऱ्या दोन वाक्यांत उरकायच्या, पण लग्नात जेवायला काय होतं ते सविस्तर यायचं.

काही वर्षांपूर्वी आईच्या छातीत गाठ निघाली आणि लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आम्ही तिथे असताना एका दुपारी मावशी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून गेली ती चक्क सिनेमा बघून आली. मला इतका संताप आला की मी तिच्याशी बोलणंच सोडलं. ती मात्र आईच्या कॉटवर पाय घेऊन बसली आणि सांगायला लागली. नायकाची आई आजारी पडते, आता जाते की मग जाते असं होतं, आणि वाचते. पुढे मुलाच्या लग्नात ही बाई काठी टेकत मांडवात येते आणि दोन्ही हातांनी अक्षता टाकायला काठी सोडून देते. आई टाके सांभाळत हसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच हसली होती, त्यामुळे माझा राग गेला. तो सिनेमा मी नंतरही पाहिला नाही. मला तो पाठ होता.

यंदा त्याचा दुसरा भाग आला. त्याच सुमारास आईच्या हाताला काखेत पुन्हा गाठ लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि मावशीला आत बोलावलं. आजार उलटलाय, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, मागून केमोथेरपी, आणि काय ते लवकर कळवा, असं ते म्हणाले. आई बाहेर बाकावर बसली होती. मावशी माझ्याआधी दाराबाहेर पडली आणि म्हणाली, "काई न्हाई अक्का, गोळ्यांनी जिरंल म्हनले."

घरी आल्यावर मी मावशीला परसात गाठून भांडले. आजार तिचा, शरीर तिचं, आणि तिलाच पत्ता नको?

"सांगू की," मावशी म्हणाली. "आदी येक पिच्चर तरी बघू दे तिला. तवर जरा हासंल."

मी गप्प बसले आणि गप्प बसल्याबद्दल स्वतःवरच चिडत राहिले.

म्हणून रविवारी आम्ही तिघी अंबाजोगाईला दुपारच्या खेळाला गेलो. सुरुवातीच्या पाट्या संपल्या. नायकाच्या घराला अपेक्षेप्रमाणे जिना फुटला होता. जिन्याशेजारच्या भिंतीवर त्याच्या आईचा फोटो होता, आणि फोटोला हार.

"ही कवा मेली?" आई म्हणाली. हळू बोलायची तिला सवय नाही.

पुढच्या रांगेतला एक माणूस वळला. "पहिल्या भागातच की, आजी. इंटरवलच्या आधी."

इंटरवलच्या आधी. म्हणजे काठी, मांडव, अक्षता, सगळं मावशीने आईच्या कॉटवर बसल्या बसल्या रचलं होतं. मी मावशीकडे पाहिलं. ती पडद्याकडे एकटक बघत होती. एवढं लक्ष देण्याची त्या सिनेमाची लायकी नव्हती.

सिनेमा वाईट होता. जुळा भाऊही होता.

सुटल्यावर आम्ही स्टँडजवळच्या रसवंतीत बसलो. आईने ग्लास हातात धरला, पण तोंडाला लावला नाही.

"तवा खोटं कावून सांगितलंस?" तिने मावशीला विचारलं.

"टाके व्हते तुला. त्या बाईला मारून तुला काय सांगू?"

"आन् आता? गोळ्यांनी जिरंल म्हनलीस, तेबी असंच का?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तिने सांगितलं. आजार तोच हाय, ऑपरेशन पुन्ना करायचं, मागून औषधं, केस जात्याल. इतकं थोडक्यात तिने आयुष्यात काही सांगितलं नसेल. चरकाची घुंगरं वाजत होती, आईला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मावशीला ते सगळं परत सांगावं लागलं.

"आन् शेवट?" आई म्हणाली.

"शेवट मला म्हाईत न्हाई, अक्का."

मावशी रडायला लागली. मलाही आवरलं नाही. रसवंतीवाला आमच्याकडे बघत होता, बघू दे म्हटलं.

आईने रस संपवला, ग्लास खाली ठेवला आणि मला म्हणाली, "डाक्टरला फोन लाव. येते म्हनावं." मग मावशीकडे वळली. "आन् आता आत बोलवलं की मी पयली जानार. तुमी दोगी बसा भाईर."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेजारच्या कॉटवर युसूफ वडगावची एक बाई होती. तिचंही तेच ऑपरेशन होतं. सकाळपासून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, सुनेशीही बोलत नव्हती. मावशीने स्टूल तिच्याकडे ओढलं. नवा सिनेमा सांगायचा तर आधी पहिला भाग माहीत पाहिजे, म्हणून तिथून सुरुवात केली. बाईने हळूहळू तोंड इकडे केलं. नायकाची आई आजारी पडली, घरी डॉक्टर आले, आणि मावशी अडली. तिने आईकडे पाहिलं.

आई उशीला टेकून बसली होती.

"थांबलीस कावून?" ती म्हणाली. "जगव की तिला."

मावशीने पदराने नाक पुसलं आणि नायकाच्या आईच्या हाती काठी देऊन तिला मांडवात आणलं.