गरम गॅरेजातली निळी गाडी

सागने नदीकाठच्या त्या गावात ऑरेल गोतिएइतकं गाडीला जपणारं दुसरं कुणी नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला दोनच गोष्टींची काळजी, बायको युगेत आणि निळी गाडी. युगेत आता वृद्धाश्रमात होती. तिला काही आठवेनासं झालं होतं. नवऱ्यालाही ती ‘साहेब’ म्हणायची. पण रविवारी निळी गाडी दारात दिसली की कुणी न सांगता येऊन बसायची. दुसऱ्या गाडीत पाय ठेवत नसे. त्यामुळे गाडी टिकणं ऑरेलला फार गरजेचं होतं.

नोव्हेंबर लागला की बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पडायचं. ऑरेल बाहेरून आला की गाडीवर फडकं फिरवायचा आणि तिला गरम गॅरेजात लावायचा. स्वतःच्या खोलीतला हीटर कमी, गॅरेजातला जास्त. वर आपण कसे शहाणे, हे शेजाऱ्यांना सांगायचा.

जानेवारीत ब्रेक कुरकुरायला लागला. मेकॅनिक मार्लेननं गाडी वर उचलली आणि खालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचला. तो आरपार गेला.

"काका, गाडी ठेवता कुठं?"

"उबेत. कुठं म्हणजे?"

"तिथंच तर गंजली. कडाक्याच्या थंडीत मीठ गप्प पडून असतं हो. ऊब लागली की ओल सुटते आणि तेच मीठ लोखंड खायला लागतं. मी पत्रा जोडते, खालून तेल मारते. पण आता बाहेर ठेवायची. थंडी ओसरली की खालून नीट धुवायची. तोवर पाणी लावू नका, दारं गोठून बसतील."

मेहुणा रेजाँ सोबत आला होता. त्याचा ट्रक वीस वर्षं अंगणात उघड्यावर, तरी ठणठणीत.

"दाजी, लाडानं वाटोळं केलंत तिचं," तो म्हणाला.

ऑरेलचं डोकंच चालेना. जपलं ते कुजतं आणि उघड्यावर टाकलं ते टिकतं, हा कुठला न्याय? युगेतलाही त्यानं उबेत राहावी म्हणूनच वृद्धाश्रमात ठेवलं होतं. तेही चुकलं की काय? विचारणार कुणाला? त्याला फार एकटं वाटलं. तरी त्यानं गाडी बाहेर ठेवली.

पुढचे दोन आठवडे पारा उणे अठ्ठावीसच्या वर आलाच नाही. मिठानं गाडी चाकापासून टपापर्यंत पांढरी झाली. रविवारी युगेत कोट घालून दाराशी आली आणि थबकली.

"ही आमची नाही."

"आपलीच आहे गं. मीठ बसलंय नुसतं."

"नाही हो साहेब. आमचा ऑरेल गाडी अशी ठेवत नाही. तो येईल, मी त्याच्याबरोबर जाईन."

आठ महिन्यांत तिनं पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं. आनंद मानावा की रडावं, त्याला कळेना. त्यानं हातमोजा काढला आणि गाडीचं दार पुसायला लागला. मीठ नुसतंच फासलं जात होतं.

"असू द्या, साहेब, हात गारठतील," युगेत म्हणाली, आणि पायरीवर उभी राहून रस्त्याकडे नवऱ्याची वाट बघत राहिली.